बूट होईपर्यंतचा माणूस

रायपूरच्या मराठी मंडळींत काही नमुने पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत. आमचं घराणं नागपूरकर भोसल्यांबरोबर इकडे आलं, असं सांगत पत्ता विचारणाऱ्यालाही रघूजीराजांपर्यंत नेऊन सोडणारा एक. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात प्रत्येक नाटकाचा पडदा ओढणारा आणि एकही नाटक समोरून न पाहिलेला दुसरा. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस त्यांत तिसऱ्याची भर पडली: लोकांच्या चांगल्या चालत्या कॉम्प्युटरवर लिनक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम टाकून देणारा. नाव काही का असेना, सगळी वस्ती त्याला लिनक्सकाका म्हणायची.

हा गृहस्थ बहुधा बँकेतला. शाखेत कॉम्प्युटर आले तेव्हा ट्रेनिंगला जायला कोणी तयार नव्हतं म्हणून ह्यांना पाठवलेलं. परत आले ते दीक्षा घेऊनच. लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, लिनक्सचा गाभा लिहून जगाला देऊन टाकला, ही कथा ते आल्यागेल्याला ऐकवत. ऐकवताना नजर स्वतःच्या मुलाकडे. तोही एकविशीकडे झुकलेला, आणि त्याने जगाला अजून काही दिलेलं नव्हतं.

त्या काळी लिनक्स इंटरनेटवरून उतरवायचं म्हणजे एका सीडीला टेलिफोन दोन-अडीच दिवस अडकणार, तेही लाइन मधे तुटली नाही तर. म्हणून सगळी भिस्त ‘पीसी क्वेस्ट’ मासिकावर. त्याच्या अंकासोबत लिनक्सच्या सीडी मिळत. ह्या उद्योगामागे बेळगावात वाढलेले अतुल चिटणीस आहेत, हे कळलं त्या दिवशी काकांनी मंडळाच्या कट्ट्यावर सगळ्यांना चहा पाजला. “आपला माणूस आहे!” म्हणाले. चहा पिणाऱ्यांपैकी निम्म्यांना वाटलं, चिटणीस रायपूरला बदलून आले.

सीडी हातात आली की रविवार मुक्रर व्हायचा. काका सकाळी पोहे-जिलेबी खाऊन यजमानाकडे हजर. खिशात दोन फ्लॉपी, कारण जुन्या मशीनला सीडीवरून बूट होता येत नसे. पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर आणि एक जाडजूड वही. पहिला प्रश्न, “बॅकअप घेतला का?” यजमान म्हणे, “म्हणजे काय?” काका म्हणत, “काही हरकत नाही.” हरकत कोणाला असणार होती, हे संध्याकाळपर्यंत कळे.

मग पार्टिशन. आहे त्या विंडोजला धक्का न लावता चार जीबीच्या डिस्कमधून दीड जीबी कापून काढायचे. नेमकं त्याच सुमाराला, १ नोव्हेंबर २००० रोजी, मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळं झालं आणि रायपूर राजधानी बनलं. काका म्हणाले, “बघा, दिल्लीने केलं तर त्याला राज्यनिर्मिती म्हणतात. मी केलं की म्हणता, लग्नाचे फोटो कुठे गेले?”

ह्या कामात एक अट मोठी जाचक होती. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, डिस्कच्या पहिल्या १०२४ सिलिंडरांत बसला पाहिजे, नाहीतर लिलो नावाच्या बूट लोडरला तो सापडत नसे. “हजारभर सिलिंडर?” घरातल्या वहिनी स्वयंपाकघरातून विचारत. “आम्हाला एक मिळायला महिना लागून राहिला.”

लिलोची रीत अशी, की सुरू होताना तो स्वतःच्या नावाचं एकेक अक्षर पडद्यावर उमटवतो आणि प्रत्येक अक्षर म्हणजे एकेक टप्पा पार. चारही आली तर मशीन सुरू. दोनच आली आणि गाडी थांबली, तर दुसरा टप्पा डिस्कवरून वाचला गेला पण चालू झाला नाही. दुपारी तीन वाजता, बाहेर बेचाळीस डिग्री, कूलर लावला की व्होल्टेज पडतं म्हणून तोही बंद, काळ्या पडद्यावर ‘एल’ आणि ‘आय’ ही दोन अक्षरं, आणि बनियनवर बसलेले काका त्यांच्याकडे टक लावून बघतायत. यजमानाच्या पोटात गोळा. काकांच्या चेहऱ्यावर मात्र असा आनंद, की सख्ख्या मुलीचं लग्न जमलं तेव्हाही दिसला नव्हता. “जिऑमेट्रीचा घोळ आहे,” ते म्हणत आणि वही उघडत.

माझं निरीक्षण असं, की ह्या माणसाला लिनक्स वापरायचं कधीच नव्हतं. त्याला ते सुरू होत नसताना बघायचं होतं. लिनक्सचा पेंग्विन दिसला, लॉगिन आलं, ग्राफिक्स सुरू झालं, की त्याचा जीव रमेना. मग तो मॉडेमकडे वळे. मॉडेम स्वस्तातला, आतल्या पट्टीचा आणि विंडोजशिवाय हू की चू न करणारा निघाला, की काकांचा पुढचा रविवारही सत्कारणी लागला.

त्यांच्या स्वतःच्या घरी दोन्ही सिस्टिम नांदत. तसा रायपूरचा मराठी माणूस जन्मतःच डबल बूटवाला: उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी. फक्त काही सेकंदांत निवड केली नाही तर आपोआप हिंदी सुरू होते. काकांच्या मशीनवर निवड केली नाही तर आपोआप लिनक्स सुरू व्हायचं. विंडोज हवं असेल तर लिलोपुढे ‘डॉस’ असं टाइप करावं लागे. काकूंनी आणि मुलांनी लिनक्सची एवढी एकच आज्ञा शिकून घेतली, आणि ती त्यांना झोपेतही येत असे.

बाकी सगळं जमलं, आवाजाचं मात्र जमेना. रेड हॅट नावाच्या लिनक्समध्ये साउंडकार्ड बसवायचा एक प्रोग्रॅम होता. कार्ड ओळखलं गेलं, की चाचणी म्हणून खुद्द टोरवाल्ड्सच्या आवाजात लिनक्सचा उच्चार ऐकू येई. काकांनी त्यासाठी काकू, मुलं, शेजारी सगळ्यांना बोलावून ओळीने बसवलं. स्पीकरमधून एकदा खर्र झालं. काकू म्हणाल्या, “सर्दी झाली असेल हो त्याला.”

आता दिवस बदलले. अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचाच कर्नल असतो, हे कळल्यापासून काका तेलीबांधा तलावावर फिरायला आलेल्यांना अडवून सांगतात, “तुमच्या खिशात आमचंच आहे.” लोक फोन चाचपतात आणि पुढे जातात. काका जिंकलेत, पण तसे खूश नाहीत. फोन दुकानातूनच चालू होऊन येतो, कुठलंही अक्षर अर्ध्यावर अडत नाही. असल्या विजयात माणसाने रविवार घालवायचा कसा?

परवा काकूंनी विषय काढलाच. “अहो, सगळ्या जगात झालं ना तुमचं लिनक्स? मग ते माळ्यावरचं धूड आता तरी भंगारात द्या.”

“देतो ना,” काका वही शोधत म्हणाले. “तेवढा आवाज लागू दे.”