चोराने मुहूर्त चुकवला

इंदूरचा राजवाडा तीनदा जळाला, शेवटचा 1984 साली. तरी इंदूरकराची समजूत पक्की: आग लागते ती दुसऱ्याच्या घराला. म्हणून ॲक्टिवाचा विमा ट्रॅफिक पोलिसाच्या धाकाने भरायचा आणि घर खजराण्याच्या गणपतीवर सोडायचं.

काही जण छाती पुढे काढून सांगतात, 'आमचा आहे विमा, गृहकर्ज घेताना बँकेनेच करून दिला.' जरा कागद उघडून बघा. पुष्कळदा तो विमा कर्जदाराच्या जिवाचा असतो. म्हणजे तुम्ही गेलात तर कर्ज फिटेल. घर गेलं तर हप्ते भरायला तुम्ही आहातच.

घराचा साधा, सरळ विमा म्हणजे 'भारत गृह रक्षा'. 1 एप्रिल 2021 पासून विमा नियामकाने ठरवून दिलेली ही एकसारखी पॉलिसी आहे. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दंगल, सगळं त्यात. पलासियातला तुमचा प्लॉट कितीही कोटींचा असो, कंपनी धरते फक्त बांधकामाचा खर्च, कारण जमीन जळत नाही. बांधकामाचा विमा 20 लाखांचा असेल, तर घरातल्या सामानाला त्याच्या 20 टक्के, म्हणजे 4 लाखांचं संरक्षण आपोआप मिळतं. कमाल 10 लाख. सराफ्यातून घेतलेल्या पाटल्या मात्र त्यात बसत नाहीत. त्यांचं कलम वेगळं, हप्ताही वेगळा.

आता पाण्याचं बघा. नर्मदा आपल्या नळाला एक दिवसाआड येते आणि आली की गच्चीवरची टाकी ओसंडते. टाकी किंवा पाइप फुटून, ओसंडून झालेलं नुकसान पॉलिसीत आहे. पण त्याच भिंतीत वर्षानुवर्षं मुरलेली ओल आणि उडालेले पोपडे? ती झीज. झिजेचे पैसे मिळत नाहीत.

खरी बहार चोरीच्या कलमात आहे. दिवाळीला कुलूप लावून पुण्याला लेकीकडे गेलात आणि परत येऊन बघता तर कपाट सताड उघडं. पॉलिसीत चोरी आहे ना? आहे. पण आधी घरावर आग-पुरासारखं संकट यायला हवं आणि त्यानंतर सात दिवसांच्या आत चोर यायला हवा. नुसताच आला, तर त्याने मुहूर्त चुकवला म्हणायचं आणि गप्प बसायचं! घरफोडीचा विमा वेगळा काढावा लागतो. एजंट हे सांगत नाही, कारण आपण विचारत नाही. आपण फक्त 'सही कुठे करू?' एवढंच विचारतो.

दावा बुडवायचं कामही आपण हौसेने करतो. ऑगस्ट 2020 मध्ये शहरात एका दिवसात दहा इंचांवर पाऊस झाला, सखल भागात घरोघरी पाणी शिरलं. अशा वेळी पाणी ओसरलं की देशातल्या सर्वांत स्वच्छ शहराचा नागरिक आधी झाडू उचलतो. भिजलेल्या गाद्या, फुगलेलं प्लायवूड, सगळं गाणं वाजवत येणाऱ्या कचरागाडीत. मग सर्व्हेअर येतो आणि त्याला दिसते चकाचक फरशी. स्वच्छतेत पहिला नंबर, दाव्यात भोपळा.

तेव्हा आधी फोटो, लगेच कंपनीला खबर, चोरी किंवा दंगल असेल तर पोलिसांत तक्रार, आग असेल तर अग्निशमन दलाचा अहवाल. झाडू त्यानंतर.

इतकं करूनही दावा फेटाळला, तर कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर आपल्यासाठी विमा लोकपाल भोपाळला बसतात. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. लागतात ती बिलं, आणि ती तुम्ही मागच्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घातली असतील, तर लोकपालांचाही नाइलाज आहे.