अडीच टनी गृहस्थ

अमेरिकेतल्या लहान गावांत हा गृहस्थ हमखास भेटतो. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, खिशात टॉर्च, नखांत ग्रीस आणि घरामागच्या आवारात हिरव्या रंगाचा, दहा चाकांचा, रिकामाच सहा टनांच्या घरात भरणारा लष्करी ट्रक. हा ट्रक तुम्हाला कशासाठी लागतो, असे त्याला विचारू नये. विचारले तर उत्तर मिळते आणि ते लांबलचक असते. जंगलातून लाकडे आणायला. बर्फ पडला तर. पूर आला तर. चार जुलैच्या मिरवणुकीला. यातले मिरवणुकीचे तेवढे खरे.

ट्रकचे सरकारी नाव एम-३५. सैनिकांनी त्याला 'ड्यूस अँड अ हाफ' म्हटले, कारण रस्ता सोडून रानात शिरल्यावर अडीच टन माल ओढण्याची त्याची नेमून दिलेली पात्रता. डांबरी रस्त्यावर तो त्याच्या दुप्पट नेतो. रिओ कंपनीने १९५० च्या सुमारास त्याला जन्म दिला, पुढे कायसर-जीप आणि एएम जनरल यांनी वाढवला, व्हिएतनामच्या चिखलाने त्याला घडवला आणि शेवटी लिलावाने तो आपल्या गृहस्थाच्या दारात आणून सोडला. सैन्यात ज्या पोराला हा ट्रक चालवायला मिळे, त्याला 'टर्बो हवा की बिनटर्बो?' असे कोणी विचारत नसे. जो समोर उभा असेल त्यात बसायचे. निवडीची ही चैन ट्रक निवृत्त झाल्यावर सुरू झाली आणि तिने कित्येक भल्या माणसांची झोप घालवली.

प्रकरण मुळात इंजिनाच्या पाटीवर आहे. एम-३५ए२ या मॉडेलात ७.८ लिटरचे, सहा सिलिंडरचे इंजिन. पाटीवर 'एलडी-४६५' असेल तर ते साधे, आणि 'एलडीटी-४६५' असेल तर टर्बोचे. त्या एका 'टी'साठी हा गृहस्थ लिलावाच्या मैदानात पोटावर झोपतो, ट्रकच्या पुढच्या चाकामागे डोके घालतो आणि फडक्याने पाटी पुसतो. ट्रक चालू होतो का, हे तो नंतर बघतो. विकणारा तर 'आहे तसा, आहे तिथे' एवढेच लिहून मोकळा झालेला असतो.

इंजिन मात्र खरोखर कौतुकाचे. जर्मनीतल्या मान कंपनीच्या मॉयरर या अभियंत्याने पिस्टनच्या डोक्यात गोलाकार खळगा करून इंधन त्याच्या भिंतीवर फवारण्याची युक्ती काढली. इंधन भिंतीवरून सावकाश उडते आणि शिस्तीत जळते, त्यामुळे ते कोणते आहे याचा फार बाऊ करावा लागत नाही. कॉन्टिनेंटल कंपनीने ही पद्धत घेऊन अमेरिकी सैन्यासाठी बहुइंधनी इंजिन केले. डिझेल, रॉकेल, विमानाचे इंधन, वेळ पडली तर पेट्रोलसुद्धा. (आपल्या जबलपूरला १९५९ पासून बनू लागलेला लष्कराचा 'शक्तिमान' ट्रक याच मान घराण्यातला, म्हणजे दूरचे नाते आहेच.) शत्रूच्या मुलखात जे हाती लागेल त्यावर गाडी चालावी, हा शीतयुद्धातला विचार. गृहस्थाच्या मुलखात हाती लागते ते हॉटेलातले भजी तळून काळे झालेले तेल आणि शेजाऱ्याच्या गाडीतून काढलेले इंजिन ऑइल. तो ते गाळतो, डिझेलमध्ये मिसळतो आणि आपण फुकटात फिरतो असे सांगतो. गाळायच्या पिंपांचा, पंपांचा आणि फिल्टरांचा हिशेब त्याची पत्नी ठेवते. ती तो चारचौघांत बोलून दाखवत नाही, हा तिचा मोठेपणा.

आता गमतीचा भाग. टर्बो म्हटले की आपल्याला वाटते, जादा ताकद. पण एलडी आणि एलडीटी ही दोन्ही इंजिने १३० ते १४० अश्वशक्तीच्या आसपासच घुटमळतात. आज पुण्यातल्या वाहतूक कोंडीत उभ्या असलेल्या मध्यम एसयूव्हीत एवढी ताकद असते. या ट्रकवर टर्बो चढला तो मुख्यतः धुरासाठी. साधे इंजिन चढाला लागले की काळ्या धुराचा असा लोट सोडी की शत्रूला दुर्बिणीची गरज नव्हती. टर्बोने हवा जादा कोंबली, इंधन पूर्वीइतकेच ठेवले, म्हणून ते पुरते जळू लागले आणि धूर घटला. पाच टनी ट्रकमध्ये त्याच घराण्यातल्या टर्बो इंजिनाला जास्त इंधन पाजले, तेव्हा कुठे आकडा पावणेदोनशेच्या घरात गेला. म्हणजे लष्कराने या ट्रकला टर्बो दिला तो चष्म्यासारखा. दिसायला बरे आणि धूसरपणा कमी, पायांत बळ तेवढेच.

हे सगळे गृहस्थाला पाठ असते. तरी त्याला टर्बोच हवा असतो. कारण शिट्टी.

या इंजिनांवर आलेल्या टर्बोंपैकी 'सी' प्रकारचा टर्बो वेग घेताना असा कर्कश, उंच सूर लावतो की ट्रक दिसण्याआधी दोन गल्ल्यांना कळतो. नंतरचा 'डी' प्रकार त्या मानाने मुका. कागदावर बघाल तर 'डी' घ्यावा. बाजारात मात्र लोक 'शिट्टीवाला आहे का?' असे विचारतात, आणि नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडतो. कान सांभाळा, असे लष्कराने चालकांना बजावले होते. तोच आवाज ऐकायला हा गृहस्थ रविवारी सकाळी काच खाली करून गावातून तीन फेऱ्या मारतो.

दुसऱ्या पंथाचे लोक बिनटर्बोचे. ही माणसे कमी बोलतात आणि जास्त खुसपटे काढतात. त्यांचे म्हणणे, जे नाही ते बिघडत नाही. टर्बोचा दांडा मिनिटाला हजारो फेरे घेतो, तेही तेलाच्या पातळ थरावर. ट्रक थांबवून लगेच इंजिन बंद केले तर तेल थांबते, दांडा गरगरत राहतो आणि बेअरिंग भाजते. म्हणून तीन ते पाच मिनिटे इंजिन नुसते चालू ठेवून मग बंद करायचे. टर्बोवाला हा नियम धर्माचरणासारखा पाळतो. सुपरमार्केटच्या दारात त्याचा ट्रक घरघरत उभा असतो, पत्नी दूध-पाव घेऊन परत येते, आणि हा अजून घड्याळाकडेच बघत बसलेला. मग इंजिन बंद न करताच दोघे घरी जातात. बिनटर्बोवाला ही गोष्ट दर भेटीत सांगतो.

खरा युक्तिवाद उंचीचा आहे आणि तो टर्बोवाल्याच्या बाजूचा आहे. साधे इंजिन हजार मीटर चढले की साधारण दहा टक्के ताकद गमावते, कारण हवाच विरळ. डेन्व्हर शहर १,६०० मीटरवर आहे, म्हणजे तिथले लोक कळसूबाईच्या शिखराच्या उंचीवर दूध आणायला जातात. त्यापुढे रॉकी पर्वताच्या घाटात टर्बो हा शौक नाही, गरज आहे. कोलोरॅडोतल्या माणसाने टर्बो घ्यावा, यात दुमत नसावे. पण आपला गृहस्थ राहतो इंडियानात. त्या अख्ख्या राज्याचे सर्वांत उंच ठिकाण ३८३ मीटरवर आहे. आपले पुणे त्याहून दीड-पावणेदोनशे मीटर वर. 'उद्या डोंगरात जायचे ठरले तर?' असे तो म्हणतो. सपाटीवर ताशी नव्वद किलोमीटर हा या ट्रकचा कमाल वेग, स्टीअरिंगला पॉवर नाही, लिटरला जेमतेम चार किलोमीटर. रॉकीपर्यंत पोचेपर्यंत दंडाची काय अवस्था होईल, ते तो मोजत नाही.

टर्बो घेतला की पुढचा मोह इंधनाच्या स्क्रूचा. पंपावरचा तो स्क्रू थोडा पिळला की इंधन वाढते आणि ट्रक खरोखर उचल खाऊ लागतो. बिनटर्बोला पिळून फक्त धूर मिळतो, हे मान्यच करावे लागेल. मग एक्झॉस्टचे तापमान दाखवणारे मीटर आले, मग त्या मीटरकडे बघत चालवणे आले. या इंजिनाचे कनेक्टिंग रॉड मिनिटाला २,६०० फेऱ्यांच्या वर नेलेले खपवून घेत नाहीत. उतारावर चुकीचा गीअर पडला की रॉड ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो, आणि त्या प्रसंगी टर्बो आहे की नाही हे बघायला कोणी वाकत नाही.

दोन्ही पंथ एका बाबतीत मात्र एकमुखाने गप्प आहेत. या ट्रकचे ब्रेक हवेने ढकललेले, पण आतून तेलाचे, आणि एकाच मास्टर सिलिंडरवर चालणारे. सहाही ब्रेकांना मिळून एकच वाहिनी. एक जुनी नळी फुटली की सहाही ब्रेक एकदम रजेवर. एकूण वजन कायद्यातल्या २६,००१ पौंडांच्या खाली भरते म्हणून व्यावसायिक परवाना लागत नाही. मोटारीच्या परवान्यावर हे धूड गावातून फिरते. पन्नास वर्षांच्या रबरी नळ्या बदलाव्यात, हे दोघांनाही माहीत असते. पण नळीला शिट्टी नसते.

गेल्या उन्हाळ्यात असाच एक शेजारी चौकशीला आला. नवशिका होता, त्याला शांत ट्रक हवा होता. आपल्या गृहस्थाकडे तोवर दोन झाले होते. दुसरा 'सुट्या भागांसाठी' म्हणून आलेला आणि पहिल्यापेक्षा बरा चालणारा.

"साधा घेऊन जा," गृहस्थ म्हणाला. "डोकेदुखी नाही. टर्बोचा नाद माझ्यासारख्या वेड्यांनी करावा."

"म्हणजे पुढे पस्तावणार नाही ना?"

"छे! सपाट प्रदेशात टर्बोचे काय काम?"

शेजाऱ्याने पैसे मोजले आणि ट्रक नेला. या ट्रकला किल्लीच नसते, बटण दाबले की तो चालू होतो, म्हणून स्टीअरिंगला साखळी-कुलूप लावायचे, एवढे शिकवून झाले. पानगळ सुरू झाली तसा तो परत आला. टर्बोचा मॅनिफोल्ड कुठे मिळेल, तेलाची जाण्या-येण्याची नळी कोणत्या मापाची, आणि टर्बो 'सी'च मिळेल ना, असे त्याचे प्रश्न होते. गृहस्थाने गंभीर चेहऱ्याने वही काढली. त्या शनिवारी दोघे मिळून ब्रेकच्या नळ्या बदलणार होते. ते काम त्यांनी पुढच्या शनिवारवर टाकले आणि मॅनिफोल्ड शोधायला निघाले.