दोन किलो मुका

(स्थळ : परभणीतली पिठाची गिरणी. डबे नंबरला लागलेले.)

गिरणीवाला : गुरुजी, ज्वारी परभणी मोती दिसायली.

गुरुजी : मोतीच. पण मालक, तुमच्या पाटीवरच्या ‘पीठ’ या शब्दात ना ज्वारी आहे ना गहू. आहे ते तुमचं काम. संस्कृतात ‘पिष्’ म्हणजे कुटणं, भरडणं. त्याचं पिष्ट, प्राकृतात पिट्ठ, आपलं पीठ. पिठी आणि पिठलं त्याच घरची. मराठीनं नाम ठेवलं, क्रियापद सोडलं. आपण दळतो, तुमचं दखनी बोलणारं गिऱ्हाईक मात्र अजून ‘पिसाना है’ म्हणतं. लॅटिनात याच धातूचा ‘पिस्तोर’ झाला : आधी कुटणारा, मग पाववाला. रशियनांनी तर कमाल केली. कुटायचं ते धान्य, म्हणून गव्हालाच ‘प्शेनीत्सा’ म्हणाले. म्हणजे धान्याचं नाव पिठाला नाही, कामाचं नाव धान्याला!

गिरणीवाला : मंग पिठाला काय म्हंतेत ते?

गुरुजी : मुका.

गिरणीवाला : आता गं बया! दुकानात जाऊन दोन किलो मुका द्या म्हणायचं? इथं म्हणून बघा बरं.

गुरुजी : हसू नका. पोलिश ‘मोंका’, चेक ‘मोउका’, सगळी एकाच मुळाची. अर्थ दाबणं, मळणं. ‘मऊ’साठीचा रशियन शब्दही त्यातलाच. आपण गिरणीत नाव ठेवलं, त्यांनी परातीत. दोघांनीही ठेवलं ते कष्टावरूनच.

गिरणीवाला : भाकरीचं पीठ आमच्यातबी मळतेतच की. अन् कणकीत कुठाय काम? तिच्यात नुसता कण हाय.

गुरुजी : मळतात, पण नाव एकाच टप्प्याला चिकटतं, बाकीचे टप्पे बिननावाचे राबतात. कणही दाणा फुटल्यावरच होतो, म्हणून कणीक माझ्याच बाजूची. खरी अडचण सर्बियनांची. त्यांचं ‘ब्राश्नो’ धान्याच्या नावावरून आलं. लॅटिन ‘फरीना’ आणि इंग्रजी ‘बार्ली’ त्याचीच भावंडं. तिथं माझं म्हणणं लागू पडत नाही. पण एवढ्यावरून ते मोडत नाही, कारण पीठ म्हणजे...

गिरणीवाला : कुटणं, भरडणं. तिसऱ्यांदा सांगायलात.

गुरुजी : याला पिष्टपेषण म्हणतात. दळलेलंच पुन्हा दळणं.

गिरणीवाला : त्याला आमी डबल दळण म्हंतो. रेटबी डबल हाय.