कुणाला सांगू नका हं

– भाभी, वो भाभी! जरा कुपणाजवळ या की. वरडून सांगण्यासारखं न्हाई.

– आलो, आलो. भांडी तशीच टाकून आलोय, पटदिशी बोला.

– मागल्या गल्लीतली दहावीतली पोरगी, लांब वेणीची? काल शाळेत पडली. पडायच्या आधी म्हणे बाईंना उलटं बोलली, वही भिरकावली, घामानं नुसती थबथबली. आजी म्हणतीया, बाहेरचं हाय, नरसोबाच्या वाडीला न्या, पालखी दाखवा.

– वाडीला जाऊ दे की खुशाल, नदीपल्याड तर हाय. पण कुणी साखर तपासली काय तिची?

– अगं बया! मी अजून सांगितलंच न्हाई आणि तुम्हाला कसं कळलं? शुगर हाय वो तिला! पाचवीत होती तवापासून. घरात कुणी तोंडातनं काढत न्हाई. मला तिच्या चुलतीनं सांगितलं, तेबी शपथ घालून. कुणाला सांगू नका हं.

– मी कुणाला सांगतोय? माझ्या मिरजेच्या बहिणीच्या पोराला तेच हाय, टाईप वन. साखर सत्तरच्या खाली उतरली की घाम, थरथर, चिडचिड, भलतंच बोलणं. आम्हीबी पहिल्यांदा घाबरलोच होतो. शाळेत काय दिलं मग तिला?

– बाईंनी पेढा दिला, वाडीचा.

– बरं झालं शुद्धीवर होती. पण पेढ्याचं काय हाय वैनी, खव्यातल्या तुपामुळं साखर रक्तात जायला उशीर लागतोय. तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, न्हाईतर ग्लुकोज पावडर, उसाचा रस, काहीबी. पंधरा मिनटांनी परत तपासायचं. आणि बेशुद्ध झाली तर तोंडात थेंबभर घालायचं न्हाई, उचलून दवाखाना.

– उसाला काय तोटा हाय हितं! सगळा शिरोळ तालुका कारखान्याला ऊस घालतोय. आजी तर म्हणती, बारकेपणी गूळ लै खाल्ला, त्यामुळंच लागलं.

– खोटं हाय ते. आपल्याच अंगातली रोगाशी लढणारी ताकद उलटती आणि इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकती. पोरीनं गूळ खाल्ला काय आणि न्हाई खाल्ला काय. तुमच्या मामंजींची शुगर निराळी. ते गोळी चुकवत्यात, कारल्याचा रस पित्यात, तरी चालून जातंय. ह्या पोरांचं इन्सुलिन दोन-चार दिवस बंद पडलं तर जीव जाईल. पहिलं इन्सुलिन कुणाला टोचलं म्हाईत हाय? चौदा वर्षांच्या पोराला, १९२२ साली, तिकडं कॅनडात टोरांटोला. लिओनार्ड थॉम्पसन त्याचं नाव. भाच्याच्या डॉक्टरांनी ही गोष्ट सांगितली तवा कुठं त्यानं सुईला हात लावू दिला. शोध लावणाऱ्यांनी पेटंट एकेका डॉलरला इद्यापीठाला देऊन टाकलं म्हणे.

– मग आता एवढं म्हाग कसं? ते चौकातल्या बंगल्यातल्यांचा नातू बघा. त्यालाबी हेच हाय की! पण त्याच्या दंडाला बिल्ला चिकटवलाय, साखरेचा आकडा आजीच्या मोबाईलवर येतोय. गणपतीत आजी सगळ्यांना दाखवत हुती, बघा बघा, आत्ता एकशे तीस हाय.

– सेन्सर तो. चौदा दिवस चालतोय आणि चार-पाच हजाराला पडतोय. हिची आई भांगलणीला जाती. इन्सुलिनची बाटली एखाद्या वेळी सरकारी दवाखान्यात मिळून जाईल, पण तपासायची पट्टी इकतच आणायची, वीसेक रुपयाला एक. दिसाला चार म्हटल्या तरी ऐंशी रुपये. हजेरीतलं किती उरलं सांगा. मग आई पट्टी वाचवती आणि अंदाजानं सुई टोचती.

– आणि ह्या वयात अंदाज धरतोय कुठला!

– तेच तर. वयात येताना इन्सुलिनची गरज वाढती, पोरींची तर पाळीच्या आधी साखर वर-खाली हुतीया. त्यात सुईचंबी बघाय लागतंय. लाल टोपणाची चाळीस युनिटची, नारंगी टोपणाची शंभरची. शंभरच्या बाटलीला चाळीसची सुई लावली तर अडीचपट औषध जातंय अंगात. बहिणीला हे कळायला वरीस गेलं, ती बारावी शिकलीया. हिची आई?

– सही करती तेवढंच. पण हुशार हाय वो. २०२१ च्या पुरात बघितलं न्हाई काय? बंगलेवाले गाडी काढून कोल्हापूरला गेले फ्लॅटवर. नातवाचं औषध बर्फाच्या डब्यातनं गेलं. ही छावणीत. लाईट न्हाई, फ्रिज तर घरातबी नव्हता. बारक्या मडक्यात बाटली ठेवली, भवतीनं वलं फडकं, दिवसातनं चारदा भिजवायची. मी इचारलं, काय गं त्यात? तर म्हणाली, देवाचं हाय, हात लावू नका.

– मडकं बरोबर हाय. डॉक्टरबी तसंच सांगत्यात. गार सावलीत वापरातली बाटली महिनाभर टिकती. उलट फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात गोठली तर फेकूनच द्यायची. पण देवाचं कशाला म्हणायचं?

– पोरीची जात हाय भाभी! बाहेर फुटलं तर उद्या स्थळ येईल काय? पोराचं चालतंय. तो कौतुकाचा. हिनं तोंड उघडलं की झालं.

– वसीम अक्रमला १९९७ साली कळलं, त्याच्यानंतरबी वर्षं न वर्षं विकेटा काढल्या. सोनम कपूरला सतराव्या वर्षी झालं, लग्न झालं, पोरगंबी झालं.

– सोनम कपूरला कोण नको म्हणतंय! आपल्या गल्लीत सांगा.

– बरं गल्लीतलंच. बंगल्यातला पोरगा सीबीएसईला. त्यांच्या बोर्डानं २०१७ लाच परीक्षेत गोळ्या-खाऊ, पाणी जवळ ठेवायची मुभा दिलीया. हिचा दहावीचा पेपर दोन-तीन तासांचा. हेडमास्तरांना आधी भेटून सांगायला नको काय? पण सांगणार कसं, लपवायचं हाय ना. अपंगाच्या २०१६ च्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांत हा आजार न्हाई, म्हणजे ती सवलत न्हाई. तोंडानं मागितलं तरच काय मिळणार.

– तुमच्यात रोज्याचं काय केलं वो भाच्याच्या?

– मौलानांनी सांगितलं, आजाऱ्याला माफ हाय. तरी हट्टानं एक ठेवला, संध्याकाळी नजर फिरली. बहिणीनं पुढच्या दिवशी मस्जिदीतच सगळ्यांना सांगून टाकलं. आता त्याचे मैतरच खिशात साखर घेऊन फिरत्यात. तिकडं संभाजीनगरला तर डॉ. अर्चना सारडांची ‘उडान’ संस्था हाय, अशाच पोरांसाठी. पोरं एकमेकांना भेटत्यात, धीर येतोय. हितं ह्या पोरीची आई मडक्याला देव म्हणतीया.

– मग काय करायचं म्हणता?

– रविवारी बहीण यायची हाय पोराला घेऊन. त्या आईला आणि पोरीला माझ्याकडं पाठवा. सुई, पट्टी, पेपरचं, सगळं बोलतील.

– आणि कशाला म्हणून बोलवू? मला म्हाईत हाय हे तिला कळलं तर चुलतीचा जीव घेईल.

– भिशीचं काम हाय म्हणा.

– ती भिशीत न्हाई आपल्या.

– मग घ्या की तिला!