डावी बाजू

हॉटेलात थाळी समोर आली की मी आधी ती फिरवून घेतो. चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, मीठ वर मधोमध. वेटर माझ्याकडे बघतो, बायको दुसरीकडे बघते. "संस्कार!" असं मी कुणी न विचारताच सांगून टाकतो. त्यात संस्कार एक आणा, मिरवणं पंधरा आणे. बुफेत मात्र पंचाईत होते. मागे रांग खोळंबलेली आणि कोशिंबिरीच्या हक्काच्या जागेत कुणीतरी पनीर ओतून मोकळा झालेला.

हे सगळं अण्णांचं. केळीच्या पानाचा शेंडा जेवणाऱ्याच्या डावीकडे, शेवटच्या पानावर तूप पडेपर्यंत भाताला हात लावायचा नाही, पंगत उठल्याशिवाय उठायचं नाही. ही कलमं आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ होती.

खरी गंमत वाढप्यांच्या बढतीत. घरच्या कार्यात मुलाची पहिली नेमणूक मिठावर, कारण मीठ सांडलं तरी कुणाचा सदरा खराब होत नाही. तिथे एक-दोन मुंजी काढल्या की लिंबाच्या फोडी, मग चटणी, मग कोशिंबीर. मिसरूड फुटल्यावर भाजी. आमटीला स्थिर हात लागे, मठ्ठ्याला वेग, जिलबीला आग्रहाचा निर्लज्जपणा. आणि सर्वांच्या वर तूप! तूप वाढणारा म्हणजे घराण्याचा अर्थमंत्री. शेवटच्या पानापर्यंत पुरलंही पाहिजे आणि पहिल्या पानावरच्या व्याह्यांना हात आखडलेला दिसताही कामा नये. हे खातं अण्णांकडे. माझी कारकीर्द कोशिंबिरीवर असतानाच केटरर आले आणि बढती कायमची अडकली. त्या जमातीवरचा माझा राग इतका जुना आहे.

पुढे अण्णांना काचबिंदू झाला. तो आधी कडेची नजर खातो आणि खाल्लेली परत देत नाही. एका शिक्षिकेनं त्यांना ताट घड्याळासारखं समजायला सांगितलं : बाराला अमुक, तीनला तमुक. पद्धत चांगली आहे, अंध व्यक्तींना ती शिकवतातच. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, आमच्याकडे घड्याळ नव्हतं तेव्हापासून मीठ बारालाच आहे."

आता बोटं डावीकडे जातात, तिथे चटणी असते. उजवीकडे जातात, तिथे आमटी. कुणाला विचारावं लागत नाही. पण कुणी घाईत चटणी उजवीकडे वाढली, तर ते डावीकडे जरा चाचपतात आणि चटणीशिवाय जेवून उठतात. मागून घेणं त्यांच्या रीतीत बसत नाही. अशा वेळी मी घरात जो तमाशा करतो, त्यात मिरवण्याचा एक आणाही नसतो.

परवा पाडव्याला घरीच पंगत बसली. अण्णांनी तुपाचं भांडं मागवलं, हातानं अंदाज घेतला आणि माझ्या नववीतल्या मुलीला हाक मारून तिच्या हातात दिलं.

मला मीठ मिळालं.