आडव्या जाणाऱ्या मनीबाईंस अनावृत पत्र

प्रति,
श्रीमती मनीबाई माऊ,
मुक्काम इंटरनेट.

विषय : वारंवार आडव्या गेल्याबद्दल तक्रार आणि एक माफीनामा.

महोदया, स. न. वि. वि.

लहानपणी मी आजीला हसायचो. मांजर आडवं गेलं की ती पिशवी सावरत सात पावलं मागे यायची आणि मगच बाजाराला निघायची. "मांजराचा आणि कामाचा काय संबंध?" असं मी तिला विज्ञानाच्या पुस्तकातून ऐकवायचो. आजी आता नाही, म्हणून माफीनामा आपल्याकडे पाठवतो आहे.

परवा रात्री नऊला लाईट बिल भरायला फोन हातात घेतला आणि आपण आडव्या गेलात. पावणेदहाला मी जपानच्या मारू नावाच्या बोक्याचे व्हिडिओ पाहत होतो. हे गुबगुबीत धूड लांबून धावत येतं, पोटावर घसरतं आणि थेट पुठ्ठ्याच्या खोक्यात शिरतं. खोकं लहान असलं तरी त्याचं काही अडत नाही. जेवढं मावेल तेवढं आत, उरलेलं बाहेर. बिल मात्र राहिलं. आजीचा शब्द खरा ठरला.

बरं, ही सवय आपल्याला इंटरनेटनं लावली म्हणावं, तर तसंही नाही. माणसानं नवं यंत्र काढलं की पहिल्या पंगतीला आपण हजर! १८७० च्या दशकात इंग्लंडमधल्या ब्रायटनचे हॅरी पॉइंटर मांजरांना चहापानाला बसवून फोटो काढत आणि वर त्यात मजकूरही घालत. म्हणजे 'गुड मॉर्निंग' फॉरवर्डचं मूळ पातकही आपल्याच खात्यावर. १८९४ मध्ये एडिसनच्या स्टुडिओत हलती चित्रं नुकती कुठे रांगू लागली होती, तोवर आपल्यापैकी दोघांनी हातमोजे चढवून मुष्टियुद्धही उरकलं. २००५ मध्ये यूट्यूब निघालं. संस्थापकांपैकी स्टीव्ह चेन यांनी त्याच वर्षी आपल्या पजामाज नावाच्या मांजराचा व्हिडिओ चढवला. २०१२ मध्ये गूगलच्या संशोधकांनी १६,००० प्रोसेसर जोडून एका यंत्राला यूट्यूबवरची एक कोटी चित्रं दाखवली. मांजर म्हणजे काय, हे त्याला कुणीही सांगितलं नव्हतं. तरी ते पठ्ठं आपल्याला ओळखायला शिकलंच.

आणि डिसेंबर २०२३? नासाच्या सायकी यानानं लेझरच्या झोतातून पृथ्वीवर व्हिडिओ धाडला. अंतर तीन कोटी दहा लाख किलोमीटर, लांबी पंधरा सेकंद, विषय : टेटर्स नावाचं केशरी मांजर सोफ्यावर लेझरच्या लाल ठिपक्यामागे धावतंय. एवढ्या लांबून आडवं जाता येतं, हे आजीलाही ठाऊक नव्हतं.

एका गोष्टीचं श्रेय मात्र देतो. नोव्हेंबर २०१५ मध्ये ब्रुसेल्समध्ये पोलीस अतिरेक्यांच्या मागावर होते. मोहिमेची माहिती समाजमाध्यमांवर टाकू नका, असं त्यांनी नागरिकांना विनवलं. नागरिकांनी ट्विटरवर मांजरांचे फोटो ओतले आणि कामाची बातमी त्या ढिगाखाली गाडली. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी आभार म्हणून मांजराच्या खाण्यानं भरलेल्या वाडग्याचा फोटो टाकला. त्या रात्री आपण योग्य माणसांना आडव्या गेलात.

तेव्हा विनंती एवढीच की, आडवं कुणाला जायचं हे जरा बघून ठरवावं. माझ्यासारख्या बिल थकवणाऱ्याला आडवं जाण्यात काय पुरुषार्थ? अर्थात आपण हे पत्र वाचणार नाही. फार तर त्यावर बसाल.

कळावे. लोभ असावा असं लिहिणार होतो. पण तो आपल्याला आमच्याविषयी कधी होता?

आपला,
एक थकबाकीदार

ता. क. : काल आजीचा उपाय करून पाहिला. आपण दिसताच उठलो आणि मोजून सात पावलं मागे आलो. हातातला फोनही माझ्याबरोबर सात पावलं मागे आला.