सर्वांना १.०

एका सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीचे इतिवृत्त आमच्या हाती लागले आहे. नावे गाळून जसेच्या तसे देत आहोत.

विषय क्र. १ : वाचनालयाची वेबसाईट गूगलवर सापडत नाही, याची गंभीर दखल घेणे.

दखल घेण्यात आली. वेबसाईट सांभाळणाऱ्या नव्या मुलाने साईटमॅप करण्याचे सुचवले. साईटमॅप म्हणजे पानांच्या पत्त्यांची एक्सएमएल फाईल. तिच्यावरून सर्च इंजिनच्या बॉटला कुठे जायचे ते कळते. गूगलने ही पद्धत २००५ मध्ये आणली, २००६ मध्ये याहू आणि मायक्रोसॉफ्टही तीत आले. एका फाईलमध्ये ५०,००० पत्ते मावतात. आपली पाने साठ. साईट पाचशे पानांच्या आत असेल आणि पाने एकमेकांना नीट जोडलेली असतील, तर साईटमॅपवाचूनही चालते, असे गूगलच सांगते. हे वाक्य संस्थेच्या प्रतिष्ठेला बाधक असल्याने इतिवृत्तातून वगळावे, असे उपाध्यक्ष म्हणाले. ते वगळले आहे.

विषय क्र. २ : पानांचे प्राधान्य ठरवणे.

साईटमॅपमध्ये प्रत्येक पानाला ०.० ते १.० प्राधान्य देता येते. न दिल्यास ०.५ धरतात. अध्यक्षांच्या मनोगतास १.० मंजूर. उपाध्यक्षांच्या मनोगतास ०.९ सुचवताच ते चपला शोधू लागले, म्हणून त्यांनाही १.०. मग सचिव, खजिनदार आणि कै. माजी अध्यक्ष यांना १.०. ग्रंथसूचीच्या बाजूने कोणीच न बोलल्याने तिला ०.१. गूगल हा आकडा बघतच नाही, असे मुलाने सांगितले. अध्यक्ष म्हणाले, ‘गूगल बघत नसेल, सभासद बघतात!’

विषय क्र. ३ : पान शेवटचे कधी बदलले, त्या तारखा.

ही तारीख गूगल विचारात घेते, मात्र ती वेळोवेळी खरी निघाली तरच. सर्व पानांवर रोज पहाटे आपोआप त्या दिवसाची तारीख पडावी, असा ठराव आला. अशाने नव्या पुस्तकांच्या पानावरच्या खऱ्या तारखेवरचाही विश्वास उडेल, अशी शंका मुलाने काढली. आपल्या तारखांवर लेखापरीक्षकांनी आजवर आक्षेप घेतलेला नाही, असे खजिनदारांनी निदर्शनास आणले. ठराव मंजूर.

विषय क्र. ४ : गूगलला रोज स्मरणपत्र पाठवणे.

साईटमॅप बदलला की पिंग करून कळवण्याची सोय होती. आलेले बहुतेक पिंग स्पॅम निघाल्याने ती बंद करत असल्याचे गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले. आता साईटमॅप गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये नोंदवायचा किंवा रोबोट्स.टीएक्सटी या फाईलमध्ये त्याचा पत्ता लिहायचा. त्यासाठी फाईल उघडली असता, कोणत्याही बॉटने साईटवर कुठेही फिरकू नये, अशी मागच्या ठेकेदाराने कामापुरती घातलेली ओळ तशीच आढळली. मुलगा ती तिथल्या तिथे खोडणार होता, त्यास वेळीच आवरण्यात आले. ओळ पालकमंत्र्यांच्या शुभहस्ते खोडण्याचे ठरले. त्यांची तारीख मिळेपर्यंत ती राहील.

ऐनवेळचे विषय :

ग्रंथसूचीला मुख्य पानावरून लिंकच नाही, मग बॉट काय आणि वाचक काय, तिथवर पोहोचणार कसा, असे ग्रंथपालांनी विचारले. मुख्य पानावर पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे असल्याने जागा शिल्लक नाही, असा खुलासा सचिवांनी केला. सभेत विषयाला धरून बोलण्याची समज ग्रंथपालांना देण्यात आली.